कर्णा, तार आणि घड्याळ

जत्रेच्या गर्दीत कर्ण्यावरून पुकारा होतो, अमुक गावची अमुक वयाची मुलगी चुकली आहे, देवळाच्या ओसरीवर बसवून ठेवली आहे, आईबापांनी यावे आणि घेऊन जावे. श्रोतेहो, असा पुकारा तुम्ही कितीदा तरी ऐकला असेल. पण त्यातले नाव नीट कळले किती वेळा? जवळच्या कर्ण्यातला शब्द कानात शिरतो न शिरतो, तोच लांबच्या कर्ण्यातला तोच शब्द मागून येऊन त्याच्यावर आदळतो. तिसरा कर्णा नदीकाठी, त्याचा शब्द आणखी मागून. मुलगी सखू की ठकू, काही उमगत नाही. लोक ओरडतात, आवाज वाढवा! माइकवाला बटण पिळतो आणि गलबला दुप्पट होतो. कारण दोष आवाजाच्या जोराचा नसतोच मुळी. दोष वेळेचा असतो.

हा वेळेचा दोष काढण्यासाठी शंभर वर्षे खटपट चालली आणि ती शेवटी एका साध्या तारेपाशी येऊन पोचली. शाळेच्या संगणक-खोलीत जी निळी किंवा करडी केबल भिंतीकडेने जाते, टोकाला पारदर्शक प्लास्टिकची छोटी खिट्टी असते, तीच ही तार. तिच्यावर चालणाऱ्या व्यवस्थेला ईथरनेट म्हणतात. मोठी नाट्यगृहे, स्टेडियम, विमानतळ अशा ठिकाणी आता मायक्रोफोनपासून ॲम्प्लिफायरपर्यंतचा आवाज पुष्कळदा याच तारेने नेतात. गंमत अशी की ही व्यवस्था गाण्यासाठी किंवा भाषणासाठी निर्माण झालीच नव्हती. ती झाली होती कागदपत्रांसाठी. कागद दोन क्षण उशिरा आला तर कोणाचे बिघडत नाही. गाण्याची मात्रा दोन क्षण उशिरा आली तर सगळा फड बिघडतो. तेव्हा वक्तशीर नसलेल्या या टपालवाल्याला तालात चालायला कसे शिकवले, ते पाहू.

प्रथम कर्ण्याची हकिकत. पीटर जेन्सन हा डेन्मार्कमधून अमेरिकेला गेलेला तरुण. एडविन प्रिडम हा त्याचा जोडीदार. कॅलिफोर्नियात नापा नावाच्या गावी एका लहानशा घरात दोघांची खटपट चालली होती, ती टेलिफोनचा चांगला श्रवणयंत्रभाग बनवण्याची. त्यांनी त्या यंत्राला फोनोग्राफाचा कर्णा जोडला, आणि मायक्रोफोन जवळ आणताच खोलीत कानठळ्या बसवणारी शीळ घुमली. ही शीळ आपल्या ओळखीची आहे. लग्नमांडवात कोणी पाहुणे माइक घेऊन कर्ण्यासमोर जाऊन उभे राहिले की ती हमखास ऐकू येते. जेन्सन आणि प्रिडम यांनी त्या किंकाळीतून ओळखले की आपल्या हाती काहीतरी वेगळेच लागले आहे. १९१५ साली २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर जमलेल्या अफाट समुदायाला त्यांनी या यंत्रावरून गाणी आणि भाषणे ऐकवली. पुढे १९१९ च्या सप्टेंबरात अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये सुमारे पन्नास हजार लोकांपुढे बोलले, तेही याच कर्ण्यांतून. त्यासाठी त्यांना काचेच्या खोलीत उभे केले होते, म्हणजे कर्ण्याचा आवाज परत मायक्रोफोनात शिरून ती शीळ व्हायला नको.

मग टेलिफोन कंपनी या कामात उतरली. ११ नोव्हेंबर १९२१ रोजी वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन येथे एका अज्ञात सैनिकाचा दफनविधी झाला. अध्यक्ष हार्डिंग यांचे तिथले भाषण टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को येथील सभागृहांत नेले आणि तिथल्या ॲम्प्लिफायरांनी ते हजारो लोकांना ऐकवले. देशाच्या एका टोकाचा शब्द दुसऱ्या टोकाच्या गर्दीने त्याच क्षणी ऐकला. आपल्याकडेही हे लोण पोचायला फार वर्षे लागली नाहीत. स्वातंत्र्यलढ्यातील सभांची जुनी छायाचित्रे पाहा. गांधीजींपुढे किंवा नेहरूंपुढे जो मायक्रोफोन असतो, त्यावर पुष्कळदा शिकागो रेडिओ असे नाव दिसते. नाव शिकागोचे, पण कंपनी आपल्या मुंबईची, नानिक मोटवाने यांची.

इथे ॲम्प्लिफायर म्हणजे काय, ते शिक्षकमंडळींच्या सोयीसाठी दोन शब्दांत सांगतो. मायक्रोफोनातून निघणारी वीज फार अशक्त असते. तिची लहर जशीच्या तशी ठेवून तिच्यात बळ भरायचे, एवढे बळ की कर्ण्याचा पडदा हलला पाहिजे, हे ॲम्प्लिफायरचे काम. आणि हे बळ लांब न्यायचे म्हटले की तार ते वाटेत खाते. तारेतून जितका प्रवाह जास्त, तितकी ती तापते, आणि नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून धरणावरची वीज उच्च दाबाने गावोगाव आणतात, त्याच युक्तीने आपल्याकडे लांबच्या कर्ण्यांना शंभर व्होल्टची लाइन देतात आणि प्रत्येक कर्ण्यापाशी लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवतात. मांडवातल्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘१०० व्ही’ असे लिहिलेला जोड असतो, तो याचसाठी. युक्ती नामी आहे, आजही लाखो ठिकाणी चालते. पण तिच्यात सगळे कर्णे एकाच क्षणी तोंड उघडतात, आणि आपल्या गोष्टीतला वेळेचा दोष नेमका इथेच उपजतो.

तो का, ते शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एका मुलाला थाळी आणि टिपरू देऊन १७० मीटर लांब उभे करा. टिपरू थाळीवर पडलेले दिसेल, आणि आवाज अर्ध्या सेकंदाने येईल. तारेतली वीज मात्र तेवढ्या वेळात पृथ्वीला काही फेऱ्या मारील. म्हणून तारेने जोडलेले दोन कर्णे एकदम बोलले तरी ऐकणाऱ्याला जवळचा आधी आणि लांबचा नंतर ऐकू येतो. उपाय उघड आहे. व्यासपीठाजवळच्या कर्ण्याला लगेच बोलू द्यायचे, आणि पुढच्या खांबावरच्या कर्ण्याला सांगायचे, बाबा रे, जरा थांब, व्यासपीठाकडचा आवाज हवेतून तुझ्यापर्यंत येऊ दे, मग तू बोल. खांब ६८ मीटरवर असेल तर त्याने एक पंचमांश सेकंद थांबायचे.

सांगायला सोपे, पण आवाजाला थांबवून ठेवायचे कशात? पाणी हौदात साठवता येते, आवाज कुठे साठवणार? उत्तर मिळाले ते आवाजाचे अंक करण्यात. लहरीची उंची सेकंदातून हजारो वेळा मोजायची, ते आकडे यंत्राच्या स्मरणात ठेवायचे, आणि हव्या त्या विलंबाने त्यांची पुन्हा लहर करायची. २८ जुलै १९७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे मोटारशर्यतीच्या मैदानावर गाण्याची एक विराट बैठक झाली. अंदाज असा सांगतात की सहा लाख माणसे आली होती. आपल्या पंढरीच्या आषाढीची आठवण व्हावी अशी ही संख्या. मागच्या लोकांसाठी मैदानात ठिकठिकाणी कर्ण्यांचे मनोरे उभे केले होते, आणि त्या मनोऱ्यांना थांबवून धरायला एव्हेंटाइड या कंपनीची अंकांवर चालणारी विलंबयंत्रे लावली होती. मागे बसलेल्यांना गाणे ऐकू आले आणि शब्दही कळले.

आता योगायोग पाहा. त्याच वर्षी, त्या बैठकीच्या दोनच महिने आधी, २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ या तरुणाने एक टिपण लिहिले. शाळेतले संगणक एकमेकांना आणि नव्या लेझर प्रिंटरला जोडायचे होते. मेटकाफने सुचवले की एकच जाड तार सगळ्या खोल्यांतून न्यावी आणि प्रत्येक संगणकाने तिच्यावर आपला निरोप सोडावा. तारेवर कोणाची मालकी नाही, मध्ये कोणी नाकेदार नाही. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्याने ते प्रत्यक्षात उतरवले. नाव दिले ईथरनेट. ईथर म्हणजे सर्व जागा व्यापणारे ते काल्पनिक द्रव्य, ज्यातून प्रकाशाच्या लहरी जातात असे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानीत. १८८७ साली मायकेल्सन आणि मोर्ले यांच्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही, आणि पुढे शास्त्राने त्याला निरोप दिला. मेटकाफने त्या टाकून दिलेल्या शब्दाला पुन्हा घर दिले. आपल्या न्यायवैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आहे. रेडिओला आपण आकाशवाणी म्हणतो त्यामागेही अशीच कल्पना. तेव्हा ईथर नावाच्या तारेतून एके दिवशी शब्द जाऊ लागावा, हे आपल्या कानांना तरी फारसे विचित्र वाटू नये. असो.

या व्यवस्थेची रीत मेटकाफने हवाई बेटांवरून उचलली होती. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन एब्रामसन आणि त्यांच्या मंडळींनी १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओने जोडली, त्या जाळ्याला तिथल्या नमस्काराचे नाव दिले, अलोहा. नियम असा की ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघे एकदम बोलले आणि निरोप एकमेकांत मिसळून नासला, पोच आली नाही, तर प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलावे. मेटकाफने त्यात शहाणपण घातले. आधी कान देऊन ऐका, कोणी बोलत नसेल तरच बोला, आणि बोलताना टक्कर झाली तर लगेच गप्प व्हा. ग्रामसभेत असे वागले तर बरे, असे कोणाला वाटल्यास मी नाही म्हणणार नाही. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून याचे नियम जाहीर केले आणि १९८३ साली अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने त्यावर प्रमाणाचा शिक्का मारला.

आता अडचण ध्यानात घ्या. जुनी मायक्रोफोनची तार म्हणजे शेतातला पाट. पाणी एका टोकाने शिरते, क्रमाने दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, मध्ये खंड नाही. ईथरनेट म्हणजे टपालाची पिशवी. आवाजाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा लखोट्यात घालायचा, वर पत्ता लिहायचा आणि पिशवीत टाकायचा. एक लखोटा लगेच जाईल, दुसरा टक्कर होऊन अडेल, तिसरा कधी हरवेलही. एका आवाजाचे सेकंदाला ४८,००० आकडे, प्रत्येक आकडा २४ बिटांचा. गुणाकार करा, ११ लाख ५२ हजार बिट झाले. मेटकाफच्या पहिल्या तारेचा वेग होता सेकंदाला २९ लाख ४० हजार बिट. म्हणजे असे दोन आवाज त्यातून कसेबसे गेले असते, आणि तेही केव्हा पोचतील याची हमी नाही. ऐंशीच्या दशकात कोणी गायकाचा आवाज या तारेतून न्यायचे बोलले असते, तर ध्वनियंत्रांच्या मंडळींनी त्याला हसून घरी पाठवले असते.

न हसणारे काही जण निघाले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील बोल्डर गावच्या पीक ऑडिओ या छोट्या कंपनीने १९९६ साली कोब्रानेट नावाची व्यवस्था केली. त्यांनी सगळ्या यंत्रांना शिस्त लावली. जाळ्यातले एक यंत्र कंडक्टर व्हायचे. त्यांच्या मनात वाद्यवृंदापुढे काडी हलवणारा कंडक्टर होता, पण मला विचाराल तर आपला एस.टी.चा कंडक्टरही चालेल. तो घंटी मारल्याखेरीज गाडी हलत नाही. हे कंडक्टर-यंत्र सेकंदाला ७५० वेळा घंटी देई, आणि प्रत्येक घंटीनंतर ज्याची पाळी असेल त्याने आपला लखोटा टाकायचा. मनमानी गेली, टक्कर गेली. आवाजाला वाटेत ५.३३ मिलिसेकंद विलंब होई. तेवढ्या वेळात आवाज हवेतून दोन मीटरही जात नाही, म्हणजे गायकापासून दोन पावले मागे सरकून ऐकण्याइतकाच हा विलंब. फ्लोरिडातील डिस्नेच्या ॲनिमल किंगडम या विस्तीर्ण प्राणिउद्यानात जागोजाग वाजणारे संगीत पुरवायला ही व्यवस्था तिच्या सुरुवातीच्या रूपात कायमची बसवली गेली. २६ जानेवारी १९९७ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला मोठा सामना झाला, त्याच्या मध्यंतरातल्या गाण्याच्या कार्यक्रमाला ती प्रथमच खऱ्या जाळ्याच्या रूपात वापरली. मध्यंतरात मैदानावर रंगमंच आणायचा, कार्यक्रम करायचा आणि सगळे उचलून पुन्हा खेळाला मैदान मोकळे करायचे. अशा घाईत जाड तारांच्या मोळ्या ओढायला कोणाला वेळ असणार! क्यूएससी या ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या कंपनीने हीच युक्ती परवान्याने घेऊन बाजारात आणली.

तोवर तारेचेही रूप पालटले होते. १९९० साली कल्पना नावाच्या कंपनीने ईथरनेटचा पहिला स्विच विकायला काढला. कंपनी अमेरिकेतली, पण नाव आपल्या ओळखीचे, कारण तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. त्या स्विचला सात दारे होती. आधी एकाच सामाईक तारेवर सर्वांची गर्दी होई. स्विच आल्यावर प्रत्येक यंत्राला आपली स्वतंत्र तार मिळाली, आणि स्विच हा टपाल कचेरीतल्या छाननी करणाऱ्या कारकुनासारखा पत्ता वाचून लखोटा नेमक्या दाराने पाठवू लागला. पुढे येण्याजाण्याची वाट वेगळी झाली, तेव्हा टक्कर हा प्रकारच उरला नाही. वेगही दहापट, शंभरपट झाला. मग कंडक्टरच्या घंटीची गरज काय उरली?

गरज उरली, पण निराळ्या कारणाने. प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या पोटात स्फटिकाचे एक घड्याळ असते, आणि त्याच्या टिकटिकीवर आकड्यांची लहर होते. दोन घड्याळे कधी अगदी सारखी चालत नाहीत. समजा त्यांच्यात लाखात एका भागाचा फरक आहे. क्षुल्लक वाटतो ना? मुलांकडून हिशेब करवा. सेकंदाला ४८,००० आकड्यांत जवळजवळ अर्ध्या आकड्याचा फरक, तासाला १,७२८ आकड्यांचा, म्हणजे ३६ मिलिसेकंदांचा. एका ॲम्प्लिफायरकडे आकडे साठत जातात आणि ओसंडतात, दुसऱ्याकडे ते संपतात आणि कर्ण्यातून फट्‌ असा आवाज येतो. दिंडीत शंभर टाळकरी असतात. प्रत्येकाचा ताल चांगला असेल, पण पखवाज नसेल तर पाचव्या अभंगापर्यंत शंभर टाळ शंभर वाटांनी जातील. जाळ्याला हवा होता तो पखवाज.

तो मिळाला कारखान्यांतून. कारखान्यातल्या मोजमापाच्या यंत्रांची घड्याळे ईथरनेटवरूनच जुळवण्याची एक रीत २००२ साली प्रमाण ठरली, तिचा क्रमांक १५८८. रीत अशी. जाळ्यातले एक घड्याळ पुढारी ठरते. ते निरोप पाठवते, आत्ता अमुक वाजले. दुसरे यंत्र निरोप केव्हा आला ते टिपते आणि आपणही एक निरोप उलट पाठवते, पुढारी तो केव्हा पोचला ते कळवतो. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असे धरले, की चार आकड्यांतून वाटेचा वेळही निघतो आणि घड्याळ किती चुकते तेही निघते. हे एकदा करून थांबत नाहीत, सारखे चालू असते. अशाने घड्याळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत जुळतात.

हे सूत्र ऑस्ट्रेलियात सिडनी येथे एडन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाजासाठी हाती घेतले. २००६ साली त्यांची ऑडिनेट ही कंपनी निघाली आणि दांते नावाची व्यवस्था आली. इटलीच्या महाकवीचे नाव आठवेल, पण मंडळींनी ते इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून जुळवले आहे. कोब्रानेटप्रमाणे स्वतःची वेगळी घंटी न वाजवता त्यांनी इंटरनेटच्या साध्या पत्त्यांवर आणि बाजारातल्या साध्या स्विचवर काम भागवले. सेकंदाला शंभर कोटी बिटांच्या एका तारेतून त्यांनी एका दिशेला ५१२ आणि उलट दिशेला ५१२ आवाज नेऊन दाखवले. पुढे २०१३ साली एईएस-६७ हे प्रमाण आले, त्यामुळे निरनिराळ्या घराण्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकतात. शेजाऱ्यांच्या बोलण्यासारखेच ते, मनात असले आणि नीट जुळवले तर.

आता समजा, तुमच्या तालुक्याच्या गावी नवे नाट्यगृह बांधले आहे आणि तिथे असे जाळे घालायचे आहे. पहिला फरक हा की ॲम्प्लिफायर मायक्रोफोनाजवळ ठेवायचे नाहीत, कर्ण्यांजवळ ठेवायचे. बळ जवळून द्यायचे, लांबून न्यायचे ते फक्त अंक. तांब्याची ईथरनेट केबल शंभर मीटरपर्यंत चालते, त्यापुढे काचतंतूची घालावी लागते. मध्ये चांगला स्विच. स्वस्त मिळाला म्हणून कोणताही घेऊ नये, ज्याला आपले म्हणणे सांगता येते असा घ्यावा, कारण त्याला दोन-तीन गोष्टी सांगाव्याच लागतात. घड्याळाचे निरोप सर्वांत आधी सोड, मग आवाजाचे, मग बाकीचे. शिवाय एकच आवाज अनेक ॲम्प्लिफायरांना हवा असेल तर ज्यांनी मागितला त्यांनाच दे, घरोघर वाटत बसू नकोस. या वाटपात कोणाला काय हवे ते वेळोवेळी विचारणारा एक पंच जाळ्यात असावा लागतो. तो नेमायला विसरले की सुरुवातीला सगळे छान चालते, आणि काही मिनिटांनी आवाज अचानक गडप होतो. कारण शोधता शोधता रात्र जाते.

एक खोडी तर फार छुपी आहे. वीज वाचावी म्हणून २०१० साली ईथरनेटला एक सवय लावली गेली, काम नसेल तेव्हा तारेची दोन्ही टोके डुलकी घेतात. कचेरीत ही सवय उत्तम. पण घड्याळाचा निरोप येतो आणि टोक झोपलेले, ते जागे होईतो निरोपाला उशीर, आणि मग पखवाजच चुकतो. म्हणून या तारांना झोपू द्यायचे नाही. बिनतारी वायफायवरूनही आवाज नेऊ नये. ॲम्प्लिफायरची बटणे लांबून फिरवायला ते ठीक आहे.

आणि नावे. प्रत्येक ॲम्प्लिफायर कारखान्यातून कसलेतरी आकडी नाव घेऊन येतो. त्याला बाल्कनी-डावा, पडद्यामागचा, पायऱ्यांजवळचा, अशी नावे पहिल्याच दिवशी द्यावीत. तिसरी घंटा झाल्यावर कोणता कर्णा मुका आहे हे शोधणाऱ्या पोराला त्याची किंमत कळते.

विलंबाचा हिशेब इथेही करायचाच आहे, मात्र त्याला आता वेगळे यंत्र लागत नाही. बाल्कनीच्या ॲम्प्लिफायरच्या पोटातच सांगून ठेवता येते, इतके मिलिसेकंद थांब. सगळ्यांचे घड्याळ एक असल्याने ते थांबणे दर प्रयोगाला तंतोतंत सारखे असते.

जुन्या तारेत नव्हती अशी आणखी एक गोष्ट या जाळ्यात आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. इथे ॲम्प्लिफायर उत्तर देतो. जुन्या काळी आवाज एकाच दिशेने जाई. कर्णा बोलला की नाही, हे कळायला माणूस पाठवावा लागे. आता ॲम्प्लिफायर आपण किती तापलो ते सांगतो, वीज मिळते की नाही ते सांगतो, आणि लाउडस्पीकरच्या आतले तारेचे वेटोळे तुटले तर भार बदलला म्हणून ओरडतो. आग लागली आणि बाल्कनीतल्या तीनशे माणसांना डाव्या जिन्याने उतरा असे सांगायचे असेल, तर त्या बाल्कनीचा कर्णा आठ दिवसांपूर्वीच बंद पडला होता, हे त्या क्षणी कळून उपयोग नाही.

पण हे जाळे सगळे एका स्विचवर टांगलेले असते, हेही विसरून चालणार नाही. जुन्या मांडवात एक तार तुटली तर एक कर्णा जाई. इथे स्विचची वीज गेली तर सगळे एकदम मुके. म्हणून स्विचला बॅटरीचा आधार द्यावा, आणि शक्य असेल तिथे दुसरे जाळे घालावे, स्वतंत्र तारा, स्वतंत्र स्विच. अनेक ॲम्प्लिफायरांना त्यासाठी दोन दारे असतात. एकच लखोटा दोन्ही वाटांनी येतो, जो आधी पोचेल तो घ्यायचा, दुसरा टाकून द्यायचा. मात्र ही दोन जाळी कुठेही एकमेकांना जोडू नयेत. सोय म्हणून मध्ये एक तार टाकली की दोन्ही एकदम बसतात, आणि दोन घालण्याचा खर्च वाया जातो. काही ॲम्प्लिफायरांना तर साध्या जुन्या तारेचेही दार ठेवलेले असते. जाळे गप्प झाले की ते आपोआप त्या दाराकडे वळतात. ती जुनी तार ओढून ठेवावी, तिचा खर्च फारसा नाही.

काम पुरे झाले असे कंत्राटदार म्हणाला, म्हणजे पैसे देण्यापूर्वी एक करावे. गाणे लावायला सांगावे, बाल्कनीत मुलांना बसवावे, आणि गाणे चालू असताना स्वतःच्या हाताने पहिल्या जाळ्याच्या स्विचची वीज बंद करावी. मुलांपैकी कोणाच्याही लक्षात ते आले नाही, तरच त्याच्या कागदावर सही करावी.